दहा हजार दिव्यांचं जहाज

लेगोने नोव्हेंबर २०२१ मध्ये टायटॅनिकचा संच बाजारात आणला. त्यात ९,०९० तुकडे होते आणि दिवा एकही नव्हता. जोडून झालेलं जहाज १३५ सेंटिमीटर भरतं, प्रमाण १:२००. खरं जहाज २६९ मीटर लांब होतं, म्हणजे हिशेब चोख आहे. जहाजाचे तीन भाग वेगळे करता येतात आणि मग आतलं दिसतं: पहिल्या वर्गाचा भव्य जिना, बॉयलरच्या भट्ट्या, पुरुषांची धूम्रपानाची खोली. दिवसा हे सगळं देखणं वाटतं. संध्याकाळी मात्र टेबलावर एक लांबलचक काळा ओंडका पडल्यासारखा दिसतो. म्हणून लोक वेगळ्या कंपन्यांचे एलईडी दिव्यांचे संच मागवतात आणि रविवारमागून रविवार त्यात घालवतात.

आमच्या साउथॅम्प्टनमध्ये असे लोक जरा जास्तच आहेत. जहाज इथूनच निघालं होतं, त्यामुळे इथल्या शाळांत टायटॅनिक हा इतिहासाचा धडा कमी आणि गल्लीतली गोष्ट जास्त असते. मंडळात माझी ओळख गणपतीच्या मखराचं आणि आकाशकंदिलाचं वायरिंग करणारा माणूस अशी आहे, म्हणून गेल्या काही वर्षांत तीन घरांतल्या टायटॅनिकला दिवे लावायला मला बोलावणं आलं.

काम नाजूक आहे, अवघड नाही. दिवा तांदळाच्या दाण्याहून लहान आणि वायर केसाहून थोडी जाड. लेगोच्या ठोकळ्यावरचे उंचवटे एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर असतात, प्रत्येकाची रुंदी ४.८ मिलिमीटर. उरलेल्या सव्वातीन मिलिमीटरच्या गल्लीतून वायर न्यायची. वरच्या ठोकळ्याची कड तिच्यावर बसते, पण वायर इतकी बारीक की पकड सुटत नाही. उंचवट्याच्या डोक्यावरून नेली तर ठोकळा बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवला तर वायर चिरते. पुढे या वायरी छोट्या छोट्या पाट्यांना जोडायच्या, पाट्या एकमेकींना, आणि शेवटी एक वायर जहाजाच्या मागून बाहेर काढून मोबाइलच्या चार्जरला. पाच व्होल्ट. प्रत्येक दिवा बसवण्याआधी पेटवून पाहायचा, हे मखरवाल्यांना सांगायला नको. एका घरी आलेल्या संचातले चार दिवे डब्यातून निघतानाच मुके होते.

इतका लहान पांढरा दिवा ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये केला. हिरवा, पिवळा आले, पण निळ्याशिवाय पांढरा उजेड होईना, आणि निळ्याने तीस वर्षं दमवलं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांनी तो साधला. त्याबद्दल त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळसर लेप दिला की पांढरा उजेड पडतो आणि लेप बदलला की तोच उजेड उबदार होतो. टायटॅनिकसाठी उबदारच घ्यावा. खऱ्या जहाजावरचे बहुतेक दिवे टँटलम धातूच्या तारेचे होते, म्हणजे आज 'वॉर्म व्हाइट' म्हणून मिळतो त्याहूनही पिवळे. थंड निळसर पांढरे दिवे लावलेली टायटॅनिक मी पाहिली आहे. ती एखाद्या दवाखान्यासारखी दिसते.

हे झालं तंत्र. पण ज्या जहाजाची शेवटची रात्र सगळ्या जगाला पाठ आहे, त्याला दिवे लावताना तंत्राच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. दिवे लावायचे म्हणजे वेळ ठरवायची. कुठल्या रात्रीचं जहाज आपण मांडतोय? आणि ते ठरवायचं तर जहाजावर वीज आली कशी, तिथून सुरुवात करायला हवी.

१८८० पर्यंत समुद्रावरचा उजेड म्हणजे तेल आणि मेणबत्ती. लाकूड, डांबर, दोरखंड आणि उघडी ज्योत यांचा एकत्र संसार, वर डुलणारी जमीन. त्या वर्षी अमेरिकेत 'कोलंबिया' नावाची आगबोट तयार झाली. तिचे मालक हेन्री व्हिलार्ड यांनी एडिसनच्या प्रयोगशाळेत नवे विजेचे दिवे पाहिले होते आणि ते त्यांना आपल्या बोटीवर हवे होते. एडिसनच्या दिव्यांची ही पहिली व्यापारी मागणी. बोट पेनसिल्व्हेनियात बांधून न्यूयॉर्कला आणली आणि तिथे एडिसनच्या माणसांनी चार डायनॅमो आणि शंभराहून थोडे जास्त दिवे बसवले. बहुतेक शहरांत अजून वीजघरं नव्हती, तेव्हा एक बोट स्वतःची वीज स्वतः करत पॅसिफिककडे निघाली. गंमत बटणांची आहे. ती प्रवाशांच्या हातात नव्हती. खोलीबाहेरच्या कुलूपबंद पेटीत होती. दिवा लावायचा किंवा मालवायचा तर नोकराला हाक मारायची.

पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथला एक लहान आगबोट बांधली गेली. लांबी ५२ मीटर, नाव 'वैतरणा'. ती कच्छमधलं मांडवी ते मुंबई या मार्गावर धावू लागली. तिच्यावर विजेचे दिवे होते. तेव्हाची मुंबई डोळ्यांपुढे आणा: १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत, विजेचे दिवे लागले होते, पण ती कंपनी वर्षभरात बुडाली आणि शहर पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळलं. बेस्टची वीज यायला आणखी वीसेक वर्षं होती. अशा काळात रात्री किनाऱ्यावरून एक बोट आतून उजळलेली जाताना दिसते, तेव्हा तिचं कागदावरचं नाव कोण लक्षात ठेवणार? लोकांनी तिला 'विजली' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं.

८ नोव्हेंबर १८८८ ला विजली मांडवीहून निघाली, द्वारकेला आणखी माणसं घेतली, पोरबंदरला खराब हवेमुळे थांबू शकली नाही आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसं होती. त्यांत लग्नाची वऱ्हाडं होती आणि मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेली मुलंही होती, असं सांगतात. एक फळी हाती लागली नाही. गुजरातीत तिच्यावर लोकगीतं झाली, कप्तान हाजी कासमचं नाव त्यांतून आजही गायलं जातं. आपल्याकडे 'रामदास' बोटीची आठवण आहे, विजलीची फारशी नाही. पण तीही मुंबईचीच वाट धरून निघाली होती, आणि जहाजाला त्याच्या उजेडावरून हाक मारण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

विजली बांधून झाल्यावर सत्तावीस वर्षांनी टायटॅनिक निघालं, तेव्हा विजेचं नवल उरलं नव्हतं, हव्यास उरला होता. सुमारे दहा हजार दिवे. दोनशे मैलांहून अधिक लांबीच्या तारा. जहाजाच्या मागच्या भागात, टर्बाइनच्या खोलीमागे, तळाशी वीजघर होतं: वाफेवर चालणारे चार डायनॅमो, प्रत्येकी ४०० किलोवॅटचे, १०० व्होल्टची एकदिश वीज. त्यावर दिव्यांखेरीज पंखे, लिफ्ट, सामान उचलणाऱ्या क्रेन, स्वयंपाकघरातली यंत्रं, खोल्यांतले हीटर, ४८ घड्याळं आणि मार्कोनीचा बिनतारी संच चाले.

याशिवाय एक दुसरी व्यवस्था होती, आणि माझ्या मते सगळ्या जहाजातली ती सर्वांत शहाणपणाची गोष्ट. ३० किलोवॅटचे दोन छोटे डायनॅमो पाण्याच्या रेषेच्या बरेच वर, 'डी' डेकच्या उंचीवर, वेगळे ठेवले होते. त्यांना वाफेची नळी वेगळी आणि तारांचं जाळंही वेगळं. त्या जाळ्यावर सुमारे ५०० दिवे होते: जिन्यांत, बोळांत, यंत्रांच्या खोल्यांत, डेकवर. मुख्य वीजघर पाण्याखाली गेलं तरी माणसाला दार सापडावं म्हणून. होड्यांच्या हिशेबात जी दूरदृष्टी नव्हती, ती दिव्यांच्या हिशेबात होती.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी जहाज हिमनगाला घासलं आणि २ वाजून २० मिनिटांनी बुडालं. दोन तास चाळीस मिनिटं. त्यातली शेवटची काही मिनिटं सोडली तर दिवे चालू होते. लॉरेन्स बीस्ली नावाचे शाळामास्तर दुसऱ्या वर्गाने प्रवास करत होते. ते होडीतून वाचले आणि त्याच वर्षी त्यांनी पुस्तक लिहिलं. समुद्र तळ्यासारखा शांत होता आणि दुरून जहाज अगदी धडधाकट दिसत होतं. संकट कळत होतं ते एकाच गोष्टीवरून, असं ते सांगतात. गोल खिडक्यांच्या उजळलेल्या रांगा पाण्याला समांतर नव्हत्या. त्या तिरक्या झाल्या होत्या, आणि तिरकस वाढत होती. दिवे नसते तर होडीतल्या लोकांना काहीच दिसलं नसतं. शेवटी दिवे एकदम गेले, क्षणभर पुन्हा लागले आणि कायमचे विझले, असंही त्यांनी लिहून ठेवलं आहे.

हेच दिवे आणखी एका जहाजावरून दिसत होते. 'कॅलिफोर्नियन' बर्फामुळे थांबलं होतं. किती अंतरावर, यावर शंभर वर्षं भांडण चालू आहे. त्याचा तिसरा अधिकारी चार्ल्स ग्रोव्ह्ज याला एक मोठी बोट येताना दिसली आणि मग तिचे दिवे गेल्यासारखे वाटले. त्याचा निष्कर्ष साधा होता: प्रवाशांना झोपायला पाठवण्यासाठी डेकचे दिवे मालवले असतील. तो आधी ज्या जहाजावर होता तिथे तशी पद्धतच होती. प्रत्यक्षात जहाज बहुधा वळलं होतं आणि उजळलेली बाजू त्याच्या नजरेआड गेली होती. नंतरच्या पाळीत गिब्सन नावाच्या उमेदवार पोराला त्या बोटीचे दिवे विचित्र वाटले, तिचा बाजूचा तांबडा दिवा पाण्यापासून जास्तच वर दिसतोय असं वाटलं. पांढरे अग्निबाणही दिसले. कप्तान झोपेत होता, बिनतारीवालाही झोपला होता. पेटलेल्या, विझलेल्या आणि तिरक्या झालेल्या दिव्यांचा अर्थ लावता लावता रात्र निघून गेली.

ही वीज कोण चालवत होतं? मुख्य अभियंता जोसेफ बेल, त्यांचे सहकारी, बॉयलरची कामं करणारे आणि पीटर स्लोन यांच्या हाताखालचे वीजतंत्री, असे मिळून ३५ जण. त्यांतला एकही वाचला नाही. जहाज बांधणाऱ्या हारलँड अँड वोल्फकडून पाहणीसाठी आलेले नऊ जणही गेले. त्यांत रचनाकार थॉमस अँड्र्यूज होते आणि वीजखात्याचे विल्यम पारही. पुढच्या बॉयलरखोल्या एकेक करून भरत असताना मागच्यांमधली वाफ टिकवायची, म्हणजे पंप, बिनतारी आणि दिवे तिन्ही टिकतात. भट्ट्यांत कोळसा टाकणारे, ज्यांना आपल्याकडच्या बोटींवर आगवाले म्हणत, तेही खाली होते.

चित्रपटांनी या अभियंत्यांना शेवटच्या क्षणापर्यंत चाकांना हात लावून उभं केलं आहे. साक्षींमधलं चित्र थोडं वेगळं आहे. फ्रेडरिक स्कॉट नावाच्या, यंत्रांना तेलपाणी करणाऱ्या माणसाने चौकशीत सांगितलं की अखेरीस अभियंते वर आले होते. क्रेनपाशी उभे होते. तोवर होड्या निघून गेल्या होत्या. मला ही हकिकत अधिक खरी वाटते आणि अधिक जड. त्यांनी खाली राहून जो वेळ मिळवला तो दुसऱ्यांना पुरला.

आणखी एक माणूस. दहा हजार विजेच्या दिव्यांच्या त्या जहाजावर तेलाच्या कंदिलांची देखभाल करणारा 'लॅम्प ट्रिमर' अजून नोकरीत होता. मराठीत त्याला दिवेकर म्हणावं लागेल, आडनाव दिवेआगरचं असलं तरी. सॅम्युएल हेमिंग त्याचं नाव, राहणार साउथॅम्प्टन. त्या रात्री त्याला हुकूम झाला की होड्यांत कंदील ठेव. त्याने ते पेटवून एकेका होडीत नेऊन दिले. सगळं संपत आलं तेव्हा तो दोरावरून पाण्यात उतरला, पोहत एका होडीपर्यंत गेला आणि वाचला.

इथल्या ईस्ट पार्कमध्ये अभियंत्यांचं स्मारक आहे. पंख पसरलेली कांस्य देवी आणि दोन्ही बाजूंना दगडात कोरलेले अभियंते. २२ एप्रिल १९१४ ला त्याचं अनावरण झालं तेव्हा लाखभर लोक जमले होते, असं म्हणतात. हे शहर तेव्हा केवढं होतं ते पाहिलं की आकडा कळतो, आणि या शहरातली पाचशेहून अधिक घरं त्या रात्री कुणाला ना कुणाला मुकली होती हे कळलं की गर्दी कळते. खलाशी, नोकर आणि आगवाले यांच्यासाठीचं कारंजं वेगळं, १९१५ चं. ते १९७२ पासून होलीरूड चर्चच्या पडक्या भिंतींत आहे. पाहुणे आले की सगळे देवीपाशी फोटो काढतात, कारंज्याकडे फिरकत नाहीत. शक्य असेल तर दोन्ही पाहा, अंतर चालत दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

आता दिव्यांच्या संचाकडे. बाजारातले बहुतेक संच डोळ्यांना खूश करण्यासाठी केलेले असतात. चारही धुराड्यांत लाल दिवा देतात, पण चौथं धुराडं बॉयलरचं नव्हतंच, ते हवा खेळती ठेवण्यासाठी होतं. तिथला लाल दिवा सरळ काढून टाकावा. जहाजाच्या बाहेरून अंगावर उजेड टाकणारे दिवे असतात, तसले खऱ्या जहाजावर नव्हते. रिमोटवर लुकलुकणारी सोय असते, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. डाव्या बाजूला तांबडा, उजव्या बाजूला हिरवा आणि पुढच्या डोलकाठीवर पांढरा, हे तीन दिवे मात्र नीट तपासून घ्या. भट्ट्यांमागे मंद नारिंगी हवा. मी पाहिलेल्या एकाही संचात डायनॅमोच्या खोलीसाठी दिवा नव्हता. जिथे उजेड तयार होत होता तेवढी एक जागा अंधारात.

राहिला प्रश्न वेळेचा. मला दोनच वेळा योग्य वाटतात. एक, १० एप्रिलची संध्याकाळ. जहाज फ्रान्समधल्या शेरबूरबाहेर उभं आहे, 'नोमॅडिक' नावाची छोटी बोट प्रवासी आणून सोडते आहे आणि आठनंतर जहाज पुढे निघणार आहे. सगळे दिवे चालू, सगळी माणसं जिवंत. ती छोटी 'नोमॅडिक' आज बेलफास्टला जाऊन पाहता येते. दुसरी वेळ तुम्हाला माहीत आहे.

तिसऱ्या घरी, मित्राच्या तेरा वर्षांच्या मुलीने मला या दोहोंपैकी एक निवडू दिलं नाही. "काका, त्यांच्याकडे दोन लायनी होत्या ना? मग आपण पण दोन करू." मग आम्ही वायरिंग पुन्हा उकललं. मोठ्या जाळ्याची वायर एका चार्जरला. भव्य जिन्यातला एक दिवा, बोटींच्या डेकवरचे चार, बॉयलरखोलीतला एक आणि मागच्या डेकवरचे दोन, असे आठ दिवे वेगळ्या वायरीवर, तिला वेगळं बटण. ती वायर मुद्दाम वरच्या मजल्यांतून नेली, तळातून नाही, कारण खरी तशीच होती. यात दोन रविवार गेले आणि जिन्यावरचं काचेचं छत सहा वेळा काढावं लागलं. मोठं बटण बंद केलं की खिडक्यांच्या सगळ्या रांगा जातात आणि जिना, डेक, एवढंच उरतं. दुसरं बटण ती कुणाला दाबू देत नाही.